मावळे दर्शनी भागात नाहीत

रविवारी सकाळी पावणेनऊला आमच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दाराची कडी वाजते. म्हणजे वाजायची... अजून तोंडात तेच येतं. तीन वर्षांत हा नेम चुकला नव्हता. त्या रविवारी नऊ वाजले, सव्वानऊ झाले, बायकोनं, विजयानं, तीन कपांचा चहा उतरवून झाकून ठेवला, मी वाचलेलाच पेपर पुन्हा वाचला, आणि साडेनऊला शहाडहून सदानंदच्या मुलाचा फोन आला. "काका, बाबा गेले." आमच्याकडे कल्याणला यायलाच निघालेला, नेहमीसारखा पायी. शहाड स्टेशनजवळच्या एका टपरीच्या बाकड्यावर टेकला, पाणी मागितलं, आणि टपरीवाला ग्लास घेऊन वळेपर्यंत सगळं आटोपलं. फोन ठेवल्यावर माझ्या मनात जो पहिला विचार आला तो लिहायची लाज वाटते, पण लिहायला बसलोच आहे तर लपवून काय करू? माझ्या मनात आलं, बघा, मरणसुद्धा यालाच चांगलं मिळालं! मला साखर आहे, बीपी आहे, गोळ्यांची सात कप्प्यांची डबी आहे, गुडघे तर जन्मापासून फितूर. मी काही असा ऐटीत जाणार नाही. विजया ओट्याला टेकून रडत होती, आणि मी, त्याचा पन्नास वर्षांचा मित्र, खुर्चीत बसून त्याच्या मरणावर जळत होतो.

अंत्ययात्रेला ही एवढी गर्दी! निवृत्त फौजी कुठून कुठून आलेले, अंबरनाथ, बदलापूर, टिटवाळा. पांढरे शर्ट, छातीवर पदकं, सत्तरीतही पाठी ताठ. त्यांनी पुष्पचक्र वाहिलं, एकदम सॅल्यूट ठोकला, आणि बायकांचं रडणंसुद्धा क्षणभर थांबलं. त्याच्या सोसायटीतली झाडून सगळी पोरं-पोरी मोबाईल खिशात घालून गप्प उभी होती. मी तिथे उभ्या उभ्या मनातल्या मनात स्वतःच्या अंत्ययात्रेची यादी केली. सातव्या नावाशी अडकलो. त्या सातांतला एक सद्याच होता.

तर हा सदानंद. जगासाठी सुभेदार, माझ्यासाठी सद्या. ठाण्याला वर्तकनगरच्या कॉलनीत आम्ही एकाच मजल्यावर वाढलो, मधे एक भिंत. फौजेचं वेड मला होतं, त्याला नव्हतं. हे वाक्य ठळक छापा असं मी संपादकांना सांगणार होतो, पण विजया म्हणाली, पोरकटपणा पुरे. मी रोज सकाळी मैदानाला आठ फेऱ्या मारायचो, हा कट्ट्यावर बसून शेंगा खात मोजायचा. भरतीच्या दिवशी तो आला तो माझे कपडे आणि सर्टिफिकेटांची पिशवी सांभाळायला. माझी पिशवी! रांगेच्या कडेला उभा होता तर एका हवालदारानं विचारलं, "तू इधर क्या कर रहा है? दौड़ेगा?" सद्या म्हणाला, "दौडता है ना." पिशवी दुसऱ्याच्या हातात दिली, चपला काढल्या आणि धावला. पहिल्या तिघांत आला. मी सतरावा आलो, तेही चाललं असतं. पण डॉक्टरनं मला सरळ उभं केलं, पाय जुळवायला सांगितले, आणि माझे गुडघे एकमेकांना चिकटले तरी घोटे काही जुळेनात. "नॉक नी. नेक्स्ट." एवढ्यात माझी फौज संपली. त्याची कागदपत्रं दुसऱ्या दिवशी त्याच्या वडिलांनी नेऊन दिली. परतीच्या बसमध्ये माझी पिशवी मांडीवर धरून सद्या म्हणाला, "अरुण, तू नको म्हणालास तर मी नाही जाणार." मी म्हणालो, "जा ना, मला काय त्याचं!" खिडकीबाहेर बघत म्हणालो, हे वेगळं सांगायला नको.

मग तो गेला. सुट्टीवर यायचा तेव्हा काळी ट्रंक, केस बारीक, आवाज आधीपेक्षा हळू. नवरात्रात टेंभी नाक्याच्या गर्दीत आम्ही दोघं चाललो की लोक त्याला वाट द्यायचे आणि माझ्या पायावर पाय द्यायचे. मी डोंबिवलीच्या एका शाळेत इतिहासाचा मास्तर झालो. फौज मिळाली नाही म्हणून मी फौज वाचायला घेतली. माझा विषय एकच, हलकं पायदळ. मूठभर माणसं, अंगावर कांबळं, कमरेला शिदोरी, घोडा नाही, तोफ नाही, आणि समोर गड, तट, दारूगोळा, पाचपट शिबंदी. ते गड घेतात कसे? यावर मी आयुष्य घालवलं. बखरी, कागदपत्रं, नकाशे, उन्हातान्हात गडांच्या चकरा... आणि तीनशे पानांचं पुस्तक लिहिलं. मी त्या विषयाचा अभ्यासक होतो. तो नुसता त्या विषयात राहून आलेला. निदान मी स्वतःची अशी समजूत घालायचो.

निवृत्त होऊन तो शहाडला राहायला आला त्या वर्षी कल्याणच्या एका मंडळात माझं व्याख्यान होतं. मीच त्याला बोलावलं. खरं सांगू? त्यानं ऐकावं म्हणूनच बोलावलं. गडाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे माझी फजिती आहे. मी पडद्यावर गडाचा फोटो लावला, लाल बाणानं वाट दाखवली. समोरच्या सोंडेवरून सरळ वर, थेट दरवाज्यावर. मागच्या रांगेतून सद्याचा हात वर झाला. "मास्तर, एक विचारू का? हे तीनशे गडी खालनं निघाले कधी?" मी म्हटलं, संध्याकाळी. "आणि पहाटे वर. मग ह्या सोंडेवर पाणी कुठाय?" तो उठून पुढेच आला. "सोंड उघडी आहे बघा, वरच्याला पार पायथ्यापर्यंत दिसतंय. मी असतो तर इकडनं गेलो नसतो. ह्या मागच्या कड्याखाली झाडी दाट आहे, म्हणजे पाणी असणार. आणि तिकडे तटच बांधलेला नाही. का नाही बांधला? वरच्याला वाटलं, इकडनं कोण येतंय मरायला! तिकडनंच जायचं." सभागृहात टाळ्या पडल्या. व्याख्यान माझं, टाळ्या त्याला. कार्यक्रम संपल्यावर लोक त्याच्याबरोबर सेल्फी काढत होते आणि मी वायर गुंडाळत होतो. पुढच्या वर्षी मंडळानं त्यालाच बोलावलं, आणि मला प्रास्ताविक करायला सांगितलं. मी त्या दिवशी ताप आणला.

आता मुख्य गोष्टीवर येतो, कारण ती सांगायचीच म्हणून हा लेख आहे. दिवाळीत आपल्याकडे पोरं सोसायटीच्या कोपऱ्यात दगड, माती, गोणपाटाचा किल्ला करतात. हळीव पेरून हिरवळ, माथ्यावर महाराजांची मूर्ती, पायऱ्या-पायऱ्यांवर मातीचे मावळे. आमच्या भागात त्याची स्पर्धा होते आणि पंधरा वर्षं मी तिचा परीक्षक. तीन वर्षांपूर्वी शहाडच्या सोसायटीनं पहिल्यांदाच नाव दिलं. सुभेदारकाकांनी पोरांना हाताशी घेतलेलं, हे मला आधीच कळलेलं होतं. गेलो, बघितलं, आणि पहिल्यांदा वाटलं, हे काय? कारंजं नाही, लायटिंग नाही. तटावर पेनच्या टोपणांच्या तोफा, सगळ्या समोर रोखलेल्या, आणि शत्रूचे शिपाई. मावळा औषधालाही नाही. आठवीतली एक मुलगी, तन्वी तिचं नाव, मातीचे हात फ्रॉकला पुसत पुढे आली. "काका, मागनं बघा ना. खाली बसून बघा."

मी गुडघे धरत मागे गेलो. बसलो. कड्याखाली हळिवाच्या दाट गर्दीत अकरा मावळे होते. तोंडं कड्याकडे, हातात सुतळीचे दोर, एकाच्या पाठीवर काडेपेटीची शिदोरी. झाडीच्या बुडाशी बाटलीच्या झाकणात पाणी भरून ठेवलेलं. सगळ्यांत वरच्या मावळ्याचा हात माथ्यापासून दोन बोटं खाली. आणि वरचे शिपाई, एकूण एक, त्यांच्याकडे पाठ करून आपापल्या तोफांशी उभे. पंधरा वर्षांत असा किल्ला मी पाहिला नव्हता. ज्या गोष्टीसाठी मी तीनशे पानं खर्ची घातली ती पोरांनी चार फूट मातीत मांडलेली... आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, हा माझाच गड! माझ्या स्लाइडवरचा. सद्यानं माझी चूक पोरांच्या हातून मातीत करून घेतलेली, दुरुस्तीसकट. झालं, माझा तिळपापड झाला. मी उठलो, पेन काढलं, मांडणीच्या रकान्यात वीसपैकी चार मार्क लिहिले आणि शेरा मारला, 'मावळे दर्शनी भागात नाहीत.'

बक्षीस थर्माकोलच्या किल्ल्याला गेलं. कारंजं होतं त्याला. निकालानंतर सद्यानं शहाडच्या किल्ल्याचा कागद मागून घेतला, वाचला, पुन्हा वाचला. मला वाटलं, आता भांडेल. भांडावा असं मनापासून वाटत होतं, म्हणजे मलाही तोंड सोडता आलं असतं. तो मान हलवून म्हणाला, "बरोबर आहे मास्तर. दर्शनी भागात नाहीत." आणि हात मिळवला. पोरी रडत होत्या. तन्वी रडत नव्हती, ती माझ्याकडे बघत होती. मी मागे जाऊन बसलेलो, मला मावळे दिसलेले, हे तिनं उभं राहून पाहिलं होतं.

पुढच्या रविवारी पावणेनऊला आमच्या मागच्या दाराची कडी वाजली. आमची बिल्डिंग जुनी, आमचं घर तळमजल्यावर. मागच्या दाराबाहेर तुळस, धुण्याचा दगड आणि कंपाउंडची भिंत. तिथून फक्त कामवाल्या मावशी आणि एक मांजर येते. विजयानं दार उघडलं तर सद्या, हातात प्लास्टिकची पिशवी, त्यात चिवड्याचा डबा आणि माझं पुस्तक. "वहिनी, बूट चिखलाचे झालेत, पुढनं नको म्हटलं." बूट दाराबाहेर काढले आणि ओट्याशेजारच्या स्टुलावर बसला तो तिथलाच झाला. मग दर रविवारी. पावसाळ्यात चिखल समजू शकतो, पण मे महिन्यातही हा म्हणे, बूट चिखलाचे आहेत! मी विजयाला म्हणायचो, अगं, शहाड ते कल्याण डांबरी रस्ता आहे, हा चिखल आणतो कुठून? ती म्हणायची, तुम्हाला काय करायचंय, येतोय ना माणूस.

चहाबरोबर तो पुस्तक काढायचा. "मास्तर, पान एकशे बारा. हे शिड्यांचं लिहिलंयस ते नीट सांग." पेन्सिलीनं खुणा केलेल्या असायच्या. मला वाटायचं, हा चुका शोधतोय. कधी म्हणायचा, "हे भारी लिहिलंयस रे," तर मी त्यात टोमणा शोधायचो. एका बैठकीत दोन पानं, फार तर तीन. एवढं हळू कोणी वाचतं का? आणि विजया! एरवी माझ्या विनोदावर तिच्या चेहऱ्याची रेघ हलत नाही, याच्या साध्या बोलण्यावर हसून हसून डोळे पुसणार. आलं घातलेला चहा फक्त रविवारी. मी एकदा म्हणालो, मलाही आलं आवडतं बरं का. तर म्हणे, तुम्हाला पित्त होतं.

एकदा तिनंच विचारलं, "भावजी, तुम्ही लढाईत खरंच होतात ना? कधी सांगत नाही." सद्यानं बशीतल्या पोह्यांचा ढीग केला. "हा डोंगर. वर हे शेंगदाणे, हे त्यांचे बंकर. मशीनगन, गरम जेवण, सगळं त्यांच्याकडे. आपण खाली. आपल्याकडे काय? दोर, पाणी, गोळ्या आणि माझ्या खिशात आईनं दिलेले शंकरपाळे. समोरनं चढ सोपा होता वहिनी. पहिली तुकडी समोरनं गेली..." तो एक शेंगदाणा बोटानं गोल गोल फिरवत राहिला. "...मग आम्ही मागनं गेलो. कड्यानं. बंकरमधल्याला फक्त भोकातनं दिसतं ना, बंदूक जिकडे, नजर तिकडे. भोकाच्या बाजूला जाऊन उभं राहिलं की त्याच्या लेखी आपण नाहीच." विजयानं विचारलं, मग? "मग हाक मारली. एक जण हात वर करून बाहेर आला. माझ्याएवढाच. थंडीनं नुसता लटलटत होता. मला वाटलेलं, आत राक्षस असेल... त्याला शंकरपाळे दिले." आणि त्यानं तो डोंगर शेंगदाण्यांसकट खाऊन टाकला. विजया ओट्याकडे तोंड करून कप विसळत राहिली. मी काय विचार करत होतो? मी विचार करत होतो की माझ्या तीनशे पानांत शंकरपाळे कुठेच नाहीत.

गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघं त्या गडावर गेलो, माझ्या स्लाइडवरच्या. त्याचीच कल्पना. मागच्या कड्याखाली खरंच पाणी होतं, दगडात कोरलेलं टाकं, कमरेएवढं खोल. मी मुकाट्यानं बाटली भरून घेतली. पण कड्याशी गेल्यावर गंमत झाली. सद्याचं म्हणणं, चढले ते उजवीकडच्या घळीनं. माझं म्हणणं, डावीकडच्या खाचेनं, एका जुन्या कागदात तसा उल्लेख आहे. तो घळीत शिरला, वीस फूट चढला, वर बघितलं, परत उतरला, आणि डोक्यावर हात मारून हसला. "शेळीपण नाही जाणार. तुझी खाच बरोबर. माझी चूक." बस्स, इतकंच. चेहऱ्यावर ओरखडा नाही. मला आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यापुढे बरोबर ठरल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण मला त्या 'माझी चूक'चाच हेवा वाटला. एवढं सोपं असतं? मी विचारलं, "असं पटकन म्हणवतं कसं रे तुला?"

"सवय," तो म्हणाला. "कामगिरी झाली की आमच्यात गोल बसायचे. ज्यानं त्यानं आपली चूक सांगायची. दुसऱ्याची नाही, आपली. सगळ्यात ज्युनियर पहिला, साहेब शेवटी. मधे कोणी बोलायचं नाही. मग चहा."

"आणि एखाद्यानं लपवली तर?"

"लपवली तर पुढच्या वेळी कोणीतरी मरतं," असं म्हणून तो माझ्याकडे बघत राहिला. वारा होता, टाक्याच्या पाण्यावर पानं फिरत होती, आसपास चिटपाखरू नव्हतं. सांगायला याहून चांगली जागा मिळाली नसती. चार मार्क ओठांवर आलेले. मी बाटलीचं झाकण घट्ट करत म्हणालो, "चल, ऊन चढेल."

आणि मग तो शेवटचा रविवार. आम्हाला काय माहीत तो शेवटचा. चहा झाला, दोन पानं झाली. मागच्या दारात वाकून तो बुटांच्या नाड्या बांधत होता. तसाच वाकलेला, वर न बघता म्हणाला, "मास्तर, काही बोलायचं होतं का तुला?" "छे, नाही बुवा. का रे?" "काही नाही, असंच." उभा राहिला, पिशवी हातात घेतली. "मग पुढच्या रविवारी." मी त्याच्या बुटांकडे बघितलं. चिखलाचा कण नव्हता.

तो गेल्यावर अठरा दिवसांनी दिवाळी आली. या वर्षी परीक्षक म्हणून मी गेलो नाही, पाय दुखतो सांगितलं. तुळशीचं लग्न झालं की किल्ले मोडतात. त्या दिवशी दुपारी तन्वीचा फोन. ती आता अकरावीत आहे. "काका, आम्ही किल्ला मोडतोय. याल का? शेवटी बोलायला कोणीतरी मोठं लागतं, आणि सुभेदारकाका..." रिक्षा केली आणि गेलो. दगड एका बाजूला रचलेले, माती गोणीत भरलेली, आणि मोकळ्या झालेल्या जागेभोवती पंधरा-सोळा पोरं-पोरी गोल बसलेली. कशाला बोलावलंय ते मला बसल्यावर कळलं. सगळ्यात लहान सहा वर्षांची मुलगी. ती म्हणाली, "माझी चूक म्हणजे मी दोन मावळे घरी नेलेले. अंघोळ घातली तर विरघळले." कोणी हसलं नाही. एक जण म्हणाला, मी पाणी जास्त घातलं म्हणून बुरूज बसला. एक म्हणाली, मी तीन दिवस आलेच नाही आणि फोटोत मात्र पुढे उभी राहिले. तन्वी म्हणाली, "माझी चूक, या वर्षी मी सगळं एकटीच करत बसले. वाटलं, दुसऱ्या कोणाला काकांसारखं जमणार नाही." मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

आयुष्यभर वर्गात बडबड केलेला माणूस मी. तरी जमिनीकडे बघत बोललो. "तीन वर्षांपूर्वी तुमच्या किल्ल्याला मी मांडणीत चार मार्क दिले. मावळे दिसत नाहीत असं लिहिलं. ते खोटं होतं. मी मागे जाऊन बसलेलो. अकराच्या अकरा बघितलेले. तो किल्ला पहिला यायला हवा होता. मला तुमच्या सुभेदारकाकांचा हेवा वाटायचा... अजूनही वाटतो. ही माझी चूक." मग कोणीतरी थर्मास उघडला, चहा आला.

तन्वी माझा कप घेऊन शेजारी बसली. "काका, आम्हाला माहीत होतं."

"सद्यानं... सुभेदारांनी सांगितलं?"

"नाही ओ. मीच बघितलेलं ना तुम्हाला. निकालानंतर आम्ही असेच गोल बसलेलो, आणि मी ओरडत होते, जजनं चीटिंग केली म्हणून. काका म्हणाले, दुसऱ्याची चूक नाही सांगायची. मग शेवटी त्यांची पाळी आली. म्हणाले, चूक माझी आहे. मी भर सभेत, शंभर माणसांसमोर मास्तरला भिडलो. एवढी वर्षं फौजेत काढून तटावर समोरनं गेलो. तुमचं बक्षीस माझ्यामुळे गेलं."

मी कप खाली ठेवला.

"मग आम्ही विचारलं, आता काय करणार? तर हसले. म्हणाले, वेळ लागेल. पण मास्तरच्या घराला मागनं एक दार आहे, स्वयंपाकघराचं. बघून ठेवलंय मी."

परत येताना रिक्षात मी काय काय बोललो ते त्या रिक्षावाल्यालाच ठाऊक. तीन वर्षं! दर रविवारी दोन पानं, चिवड्याचा डबा, न लागलेल्या चिखलाचे बूट. मी त्याच्या पेन्सिलीच्या खुणांवर, विजयाच्या हसण्यावर, आल्याच्या चहावर डोळे वटारून बसलेलो, आणि हा आपला बाजूला उभा. हाकसुद्धा मारून झालेली त्याची, नाड्या बांधता बांधता. मी बाहेर आलो नाही. आलो तेव्हा शंकरपाळे द्यायला तो नव्हता. तरी बघा, रडू येता येता मला पुन्हा त्याचा रागच आला, की हा गडी इथेही पुढे निघून गेला आणि मला सतरावा ठेवला.

त्याच्या मुलानं परवा ती प्लास्टिकची पिशवी आणून दिली. त्यात माझं पुस्तक, पान दोनशे चौसष्टला खूण. या रविवारी साडेआठलाच मी उठून मागच्या दाराची कडी काढली आणि दार सताड उघडून ठेवलं. विजयानं विचारलं, "कोण येणार आहे?" मी म्हटलं, कोणी नाही, तू चहा टाक. तिनं सवयीनं तीन कपांचं आधण ठेवलं, आणि आलं किसलं. मी त्याच्या स्टुलावर बसलो. बाहेर तुळस, धुण्याचा दगड, भिंतीवर मांजर. पावणेनऊ झाले. मी दाराकडे बघून मोठ्यानं म्हणालो, "सद्या, मावळे दिसलेले रे मला."